अशेरीगडावर एक रात्र काढायची आहे? सॅक भरण्याआधी पाण्याचा आणि घड्याळाचा हिशोब करा

थंडी सुरू झाली की इन्स्टाग्रामवर एकच प्रकारचे रील फिरायला लागतात. किल्ल्याचा माथा, मागे मावळतीचा सूर्य, पुढे छोटासा तंबू आणि वाफाळता चहा. खाली कमेंटमध्ये कुणीतरी मित्राला टॅग करतं, "भावा, या शनिवारी फिक्स."

मग शोधाशोध सुरू होते. 'एका रात्रीच्या ट्रेकला काय काय न्यायचं' असं गुगलला विचारलं की भलीमोठी यादी समोर येते. उबदार स्लीपिंग बॅग, तंबू, पाणी गाळायचा फिल्टर, जेवण झाडाला टांगायची दोरी. आपण ती यादी वाचतो, निम्मं सामान ऑनलाइन मागवतो आणि निम्मं मित्राकडून आणतो. शनिवारी पंधरा किलोची सॅक पाठीवर टाकून बोईसर नाहीतर पालघर स्टेशनवर उभे राहतो.

गडबड इथेच होते. कारण यातल्या बऱ्याच याद्या आपल्या डोंगरांसाठी लिहिलेल्याच नाहीत.

यादी अमेरिकेची, डोंगर पालघरचा

हौशी बॅकपॅकिंगचं बरंचसं लिखाण अमेरिकेतून येतं आणि तिथल्या हौशी लोकांची एक आवडती जागा म्हणजे दक्षिण अप्पलाचियन डोंगररांग. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी या राज्यांतले हे डोंगर. इथूनच प्रसिद्ध अप्पलाचियन ट्रेल सुरू होते. जॉर्जियापासून मेनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे.

तिथलं गणित वेगळं आहे. दाट झाडी आणि जागोजागी झरे असल्यामुळे दोन लिटर पाणी घेऊन निघायचं, संपलं की झऱ्यावर भरायचं आणि फिल्टर करून प्यायचं. वाटेत मुक्कामासाठी तीन भिंतींच्या लाकडी शेड आहेत. काळी अस्वलं फिरतात, म्हणून जेवण उंच टांगून ठेवावं लागतं. या वाटेवरचं सर्वात उंच ठिकाण कुवोही (आधीचं नाव क्लिंगमन्स डोम) २,०२५ मीटरवर आहे, म्हणून तिथे जाड स्लीपिंग बॅग लागते.

आता आपल्याकडे या. अशेरीगडाची उंची साधारण ५१२ मीटर. हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने माथ्यावर फरक पडतो जेमतेम तीन-साडेतीन अंशांचा. इथे अस्वलांसाठी दोरी लागत नाही आणि हिमालयात चालेल अशी स्लीपिंग बॅगही लागत नाही.

पण तिथे जे फुकट मिळतं ते इथे मिळत नाही. पाणी.

पावसाळ्यात पालघरच्या डोंगरांवरून धबधबे कोसळतात आणि पाऊस थांबला की काही आठवड्यांत ओढे आटायला लागतात. थंडीत माथ्यावर भरवसा उरतो तो कातळात खोदलेल्या टाक्यांचा. त्यामुळे आपल्याकडच्या एका रात्रीच्या ट्रेकचं नियोजन सामानाच्या यादीपासून सुरू करून चालत नाही. ते दोन प्रश्नांपासून सुरू करावं लागतं. पाणी किती? आणि अंधार पडायच्या आत आपण कुठे असू?

अशेरीगडच का?

पालघर, बोईसर आणि तारापूरच्या लोकांना किल्ल्यांची कमतरता नाही. बोईसरच्या पूर्वेला वारांगडे गावाजवळ आसावा किल्ला आहे. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढता येतो. सफाळ्याजवळ तांदुळवाडी आहे. मनोर-वाडा रस्त्याला माथ्यावर माणसाच्या आकृतीसारखा सुळका असलेला कोहोज आहे.

यातले आसावा आणि काळदुर्ग सकाळी जाऊन दुपारी परत येण्याचे. रात्रीच्या मुक्कामासाठी अशेरीगडाचं नाव जास्त घेतलं जातं, कारण माथ्यावर कातळात कोरलेली गुहा आहे आणि पाण्याची टाकीही आहेत. पायथ्याचं गाव खोडकोना, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून. पालघरहून मनोरच्या मस्तान नाक्यावरून पुढे कासाच्या दिशेने गेलं की खोडकोन्याचा फाटा लागतो. बोईसरकरांना चिल्हार रस्त्याने महामार्ग गाठता येतो.

गडाला इतिहासही आहे. हा किल्ला बराच काळ पोर्तुगीजांकडे होता आणि त्यांचं राजचिन्ह कोरलेला दगड आजही गडावर पाहायला मिळतो. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसईची मोहीम झाली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची ठाणी मराठ्यांनी घेतली. अशेरीही त्यातच आला.

आधी परवानगीचं बघा

"किल्ला आपलाच आहे, परवानगी कसली?" असं म्हणून चालत नाही. जे किल्ले संरक्षित स्मारक आहेत, तिथे सूर्यास्तानंतर थांबायला मनाई असते. आणि पालघरमधले बरेच किल्ले वनजमिनीने वेढलेले आहेत. वणव्याचा धोका, एखादा अपघात किंवा बिबट्याचा वावर अशा कारणांनी वन विभाग रात्रीचा मुक्काम बंद करू शकतो. मागच्या वर्षी कुणी राहून आलं म्हणजे या वर्षीही चालेल असं नाही.

म्हणून निघायच्या आधीच्या आठवड्यात भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबरही आहे. पायथ्याच्या गावात पोहोचलात की तिथेही सांगा, आम्ही इतके जण वर चाललो आहोत, उद्या सकाळी अमुक वाजता उतरणार. उशीर झाला तर सर्वात आधी वर येऊ शकतील ती हीच माणसं.

परवानगी नाही मिळाली तर? पहाटे चढून दुपारी उतरा. किल्ला तोच आहे.

शेकोटीचा विषय तर विसराच. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा ठरू शकतं. थंडीत डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी पडली तर जळणारं जंगल खालच्या पाड्यांचं असतं.

कधी जायचं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बस्स, एवढीच खिडकी.

पावसाळ्यात कातळ निसरडे, ढगात वाट हरवते आणि ओढ्यांना अचानक पाणी येतं. ऑक्टोबरमध्ये ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि माणूस लवकर गळून जातो. मार्चपासून ऊन तापतं आणि टाक्यांतलं पाणी खाली जातं.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघून ठेवा. चंद्रप्रकाशात गुहेच्या आसपास वावरणं सोपं जातं. पण चंद्र आहे म्हणून टॉर्च घरी ठेवू नका. झाडीत चांदणं पोहोचत नाही.

घड्याळाचं गणित

चढायला किती वेळ लागेल? मित्र सांगतो, "तासाभरात वर." मित्रावर जाऊ नका, हिशोब करा.

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा.

अशेरीसाठी मांडून बघू. फाट्यापासून माथ्यापर्यंत साधारण तीन किलोमीटर धरले तर ३६ मिनिटं. चढाई साधारण ४०० मीटर धरली तर ४० मिनिटं. एकूण ७६ मिनिटं. पण हा हिशोब थंड हवेतल्या सराव असलेल्या माणसाचा. आपल्या पाठीवर दहा किलो, अंगाला घाम, गटात कुणीतरी पहिल्यांदा आलेलं. म्हणून दीडपट करा. झाले जवळपास दोन तास.

आता उलटं मोजा. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वर पोहोचून गुहा बघायची, झाडून घ्यायची, टाकं कुठे आहे ते उजेडात शोधायचं, यासाठी एक तास हवा. म्हणजे माथ्यावर पाचला. म्हणजे फाट्यावरून चढायला सुरुवात तीनला. तीही उशिरात उशिरा.

इथेच बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मंडळींची फसगत होऊ शकते. सकाळपाळी तीनच्या सुमारास सुटते. घरी जाऊन सॅक उचलायची, गाडी काढायची, महामार्गावर यायचं. खोडकोन्यात पोहोचेपर्यंत पाच वाजले. म्हणजे निम्मी चढण अंधारात. माथ्याखाली कातळाचा उभा टप्पा आहे. तिथे शिडीचा आधार मिळाला तरी पाठीवर ओझं घेऊन तो टप्पा टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा चढण्याची जागा नाही.

म्हणून गटात एक वेळ आधीच ठरवून टाका. चार वाजेपर्यंत चढायला सुरुवात झाली नाही, तर आज वर जायचं नाही. ही चारची वेळ शेवटची आहे आणि तीही गटात वाट माहीत असलेला कुणी असेल तरच. हे सगळ्यांनी घरून निघण्याआधी कबूल करायचं. पायथ्याला उभं राहिल्यावर "एवढं आलोय तर जाऊया" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

पाणी: माणशी किती?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हे वजन कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. आधी गरज बघू, एका माणसाची:

- चढताना: दीड लिटर
- संध्याकाळी प्यायला आणि रात्रीच्या स्वयंपाकाला: दीड लिटर
- रात्री: अर्धा लिटर
- सकाळी चहा आणि प्यायला: एक लिटर
- उतरताना: अर्धा लिटर

झालं पाच लिटर. यात भांडी घासायचं पाणी धरलेलं नाही.

"पण वर टाकी आहेत ना?" आहेत. त्यांत पाणी किती आहे, कुठल्या टाक्यातलं पितात, हे त्या आठवड्यात गावात विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका. टाक्यातलं पाणी उघडं असतं. माकडं, पक्षी, पानं, शेवाळ, सगळं त्यात येतं. स्वच्छ दिसलं तरी ते तसंच पिऊ नका. दुपदरी फडक्याने गाळा आणि मग खळखळ उकळा. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट राहू द्या. उकळायची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. हा वेळ बहुतेक वेळा अर्धा तास असतो.

आणि टाक्यात पाय घालणं, अंघोळ करणं, भांडी बुडवणं अजिबात नको. काही शतकांपूर्वी कुणीतरी छिन्नीने खोदलेलं ते टाकं पुढच्या माणसाच्या पिण्याचं आहे.

सॅक: काय ठेवायचं, काय काढायचं

साधा नियम असा की सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, ५० किलोच्या माणसाला १०.

रिकामी सॅक दीड किलो, अंथरूण-पांघरूण दीड किलो, कपडे एक किलो, खाणं एक किलो, टॉर्च-औषधं वगैरे अर्धा किलो आणि स्टोव्हचा आपला वाटा अर्धा किलो. झाले सहा. त्यात पाच लिटर पाणी. एकूण अकरा. ५० किलोच्या माणसाची मर्यादा इथे ओलांडली.

मग काय कमी करायचं? पाणी सोडून काहीही. सर्वात सोपा उपाय म्हणजे वर स्वयंपाकच करायचा नाही. भाकरी किंवा ठेपले, सुकी चटणी, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेली अंडी, चिवडा आणि घोलवड-डहाणूकडचे सुकवलेले चिकू. एक रात्र आरामात निघते. स्टोव्हचं अर्धा किलो गेलं, स्वयंपाकाचं आणि चहाचं मिळून लिटरभर पाणी वाचलं. सॅक साडेनऊ किलोवर आली. आगीचा प्रश्नही मिटला. मात्र मग पाणी उकळायची सोय नाही, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या विसरायच्या नाहीत.

गुहेत राहणार असाल तर तंबू कशाला? पण सुट्टीच्या रात्री गुहा आधीच भरलेली असू शकते, म्हणून गटात एक हलकी ताडपत्री असू द्या. जाड स्लीपिंग बॅगऐवजी चटई, चादर आणि एक स्वेटर पुरतो. रात्री दव पडतं, म्हणून कानटोपी आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

माणशी एक टॉर्च हवाच, शक्यतो डोक्याला लावायचा. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही, कारण तीच बॅटरी फोन करायला लागणार आहे. एक शिट्टीही ठेवा. ओरडून घसा बसतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते.

झोपताना कशाची भीती बाळगायची?

सगळे बिबट्याबद्दल विचारतात. या भागात बिबटे आहेत, हे खरं. रात्री एकट्याने गुहेपासून लांब जाऊ नका, उरलेलं अन्न उघडं टाकू नका, एवढं पाळलं तर तो सहसा माणसांच्या गटाच्या वाटेला जात नाही.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं ते मण्याराकडे. हा साप रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावण्याच्या घटना यानेच जास्त होतात. चावा जवळपास दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो. म्हणून गुहेत शिरताना कोपरे उजेडात बघा, अंथरूण भिंतीपासून थोडं दूर टाका, सकाळी बूट झटकून मगच घाला.

साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. तो अवयव फळीने किंवा काठीने बांधून स्थिर ठेवा, माणसाला शक्यतो चालवू नका आणि १०८ ला फोन करा. सकाळ व्हायची वाट बघू नका. जवळची सरकारी दवाखान्यांची ठिकाणं म्हणजे मनोरचं ग्रामीण रुग्णालय आणि कासाचं उपजिल्हा रुग्णालय. फोन करून सर्पदंशाची लस आहे का हे विचारा, म्हणजे फेरा वाचतो. दोन्ही नंबर निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट मधमाश्यांची. कड्यावर आग्या मोहोळ असू शकतं. धूर, दगड आणि जोरदार आवाज यांनी माश्या उठतात. तीव्र वासाचा परफ्यूमही नको. उठल्याच तर तोंड झाकून तिथून लांब पळा, हात हलवत उभे राहू नका.

घरच्यांना काय सांगायचं?

"ट्रेकला चाललोय" एवढं पुरत नाही. एक मेसेज लिहा आणि गटाबाहेरच्या दोघांना पाठवा. कुठला किल्ला, कुठल्या गावातून, कोण कोण, कुठली गाडी, किती वाजता उतरणार. आणि शेवटची ओळ महत्त्वाची: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा. कुठे शोधायचं हेच माहीत नसेल तर शोधणाऱ्यांचे पहिले काही तास त्यातच जातात.

रेंजवर विसंबू नका. वर पोहोचल्यावर कुठे रेंज येते ती जागा उजेडातच शोधून ठेवा आणि रात्री एक फोन बंद करून बाजूला ठेवा.

जागा कुणाची आहे?

गुहेत देवीचं ठाणं आहे आणि आसपासच्या गावांची तिथे श्रद्धा आहे. चपला बाहेर, दारू नको, स्पीकर नको. कचरा सगळा परत आणायचा, सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यूसुद्धा. त्यासाठी झिपची एक जाड पिशवी वेगळी ठेवा. शौचाला टाक्यापासून किमान ६० मीटर लांब आणि पाणी टाक्याकडे वाहणार नाही अशा बाजूला जा. वीतभर खड्डा करा आणि बुजवा. पावसाळ्यात वरचं सगळं वाहत जातं, आणि खालची माणसं तेच पाणी वापरतात.

आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर

थेट मुक्कामाला जाऊ नका. आधी एका रविवारी याच सॅकमध्ये हेच सामान आणि पाच लिटर पाणी भरून आसावा किंवा काळदुर्ग करून या. खांदे कुठे दुखतात, बूट कुठे चावतात, पाणी खरंच किती लागतं, हे एका सकाळीत कळेल. जे सामान त्या दिवशी बाहेर काढलंच नाही, ते पुढच्या वेळी घरी ठेवा. टॉर्च आणि औषधं सोडून.

मग अशेरीचा बेत आखा. पाच वाजता माथ्यावर असाल, बाटलीत तीन लिटर उरलेले असतील, तर मावळतीचा फोटो निवांत काढता येईल.